आरोग्य विम्यातून कानाचं मशीन मिळतं का? मराठवाड्यातल्यांसाठी सगळी माहिती एका ठिकाणी

तेरणेकाठ
"वडिलांची पाच लाखांची पॉलिसी आहे, कानाचं मशीन त्यातून निघेल का?" हा प्रश्न इथं सारखा येतो. सुट्या उत्तरांनी गोंधळ वाढतो, म्हणून हा स्वतंत्र धागा.

थोडक्यात उत्तर असं की बहुतेक पॉलिसींतून मशीन निघत नाही. पण ते 'नाही' नेमकं कशाला लागू आहे ते समजून घ्या. पॉलिसीचं पुस्तक किंवा पीडीएफ काढा आणि 'अपवाद' हा भाग उघडा. तिथं चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, श्रवणयंत्र, बाहेरून वापरायची टिकाऊ उपकरणं अशी एक ओळ असते. काही पॉलिसींत त्याच ओळीत 'कॉक्लिअर इम्प्लांटसह' (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण) असं जोडलेलं असतं, काहींत नसतं. त्या दोन शब्दांवर लाखो रुपयांचा फरक पडतो.

कारण सरळ आहे. आपल्याकडची नेहमीची पॉलिसी दवाखान्यात भरती होण्यासाठी असते: २४ तास ॲडमिट, नाहीतर यादीतलं डे-केअर ऑपरेशन. मशीन ओपीडीत तपासून, दुकानातून किंवा क्लिनिकमधून घेतात. भरतीच नाही, तर दाव्याला जागाच नाही.

पैसे मिळण्याच्या दुसऱ्या वाटा आहेत: वयोश्री (ज्येष्ठांसाठी), एडिप (दिव्यांगांना साधनं देणारी योजना), ईएसआय (कामगारांचा राज्य विमा), ग्रामपंचायतीचा दिव्यांग निधी. पण या सगळ्यांत लोक एकाच जागी अडकतात. मशीन आधी घेतात आणि कागद नंतर गोळा करतात. मग प्रिस्क्रिप्शनची तारीख बिलानंतरची निघते, किंवा जी योजना वस्तू देते तिच्याकडं पैसे मागितले जातात. म्हणून क्रम असा ठेवा: तपासणी, कागद, अर्ज आणि शेवटी खरेदी.

जाणकारांनी भर घालावी. 'मला असा अनुभव आला' यापेक्षा नियम, रक्कम, कागद असं लिहिलं तर बरं.

दावाटेबल
चांगला धागा. विम्याच्या बाजूचं मी लिहितो.

नाकारलेल्या दाव्याच्या पत्रात एक कोड असतो. आयआरडीएआयनं, म्हणजे विमा नियामक प्राधिकरणानं, काही अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांना सारखी करून दिली आहे. ०१ म्हणजे आधीपासूनचा आजार, ०२ ठरावीक आजारांचा प्रतीक्षा काळ, ०३ पहिले ३० दिवस, ०४ म्हणजे फक्त तपासणीसाठी केलेली भरती. श्रवणयंत्राचा अपवाद या ठरलेल्या कोडांत नाही, तो प्रत्येक कंपनी आपल्या शब्दांत लिहिते. त्यामुळं शेजाऱ्याची पॉलिसी बघून आपलं उत्तर ठरवू नका. एकाच कंपनीच्या दोन योजनांतही ती ओळ वेगळी असते.

आता कानाचं काय मिळतं ते बघा. पडद्याचं ऑपरेशन (टिंपॅनोप्लास्टी), कानामागचं हाड साफ करण्याचं ऑपरेशन (मॅस्टॉइड), रिकिबीच्या हाडाचं ऑपरेशन (स्टेपिडेक्टॉमी) ही साधारणपणे मिळतात. स्टेपिडेक्टॉमीत आत बसवतात तो बारीक पिस्टनसुद्धा ऑपरेशनचाच भाग धरतात, कारण तो शरीराच्या आत राहतो. अडचण येते ती प्रतीक्षा काळाची. नाक-कान-घशाचे साधे आजार ठरावीक यादीत असतात आणि बहुतेक पॉलिसींत त्यांना २४ महिने थांबावं लागतं. पॉलिसी घेतानाच कान वाहत असेल तर तो आधीपासूनचा आजार धरला जातो. त्याची कमाल मर्यादा एप्रिल २०२४ पासून ३६ महिने आहे, आधी ती ४८ होती.

ऑपरेशन मंजूर होणार असेल तर त्याआधीच्या ऑडिओमेट्रीचं (ऐकण्याच्या तपासणीचं) बिल फेकू नका. भरतीआधीच्या ३० दिवसांचा खर्च बहुतेक पॉलिसी देतात, काही ६० दिवसांचाही देतात. फक्त ती तपासणी त्याच आजाराची आहे हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसलं पाहिजे.

कानाचे पुष्कळ दावे ०४ खाली नाकारले जातात. 'ऐकायला कमी येतं म्हणून तपासणीसाठी भरती' असं डिस्चार्ज कार्डवर लिहिलं की संपलं. उपचार झाला असेल तर उपचाराचं नाव, औषध आणि डोस कार्डवर हवेत. ते कार्ड हातात घेतल्यावर दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधी वाचा. नंतर दुरुस्ती करून घ्यायला चार चकरा होतात, आणि खाडाखोडीकडं कंपनी संशयानं बघते.

लेंडी_नांदेड
आमच्याकडं एजंट म्हणायलेत की ओपीडी कव्हर जोडा, मशीन मिळतंय. खरं का?

दावाटेबल
अर्धं खरं आहे, दादा. ओपीडी कव्हर म्हणजे वर्षाला ठरलेली एक रक्कम, त्यातून डॉक्टरांची फी, तपासण्या आणि औषधं. मशीन त्यात धरायचं की नाही हे त्या कव्हरच्या यादीवर ठरतं, आणि मूळ पॉलिसीतला श्रवणयंत्राचा अपवाद ओपीडीलाही लागू असू शकतो. एजंटचं तोंडी उत्तर उपयोगाचं नाही. कंपनीच्या ईमेलवर एवढंच विचारा:

"पॉलिसी क्रमांक अमुक. नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या लेखी सल्ल्यानुसार दोन्ही कानांसाठी श्रवणयंत्र घ्यायचं आहे. ओपीडी लाभातून हा खर्च देय आहे का? असल्यास मर्यादा किती? नसल्यास कोणत्या कलमानुसार? कृपया लेखी कळवावे."

'कोणत्या कलमानुसार' हे शब्द गाळू नका. पुढं तक्रार करायची वेळ आली तर तेच उत्तर कामाला येतं.

हिशेबही करून बघा. ओपीडी कव्हरसाठी जास्तीचा हप्ता दरवर्षी जातो आणि मशीन चार-पाच वर्षांतून एकदा घ्यायचं असतं. निव्वळ मशीनसाठी ते कव्हर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कारखान्याच्या किंवा बँकेच्या समूह पॉलिसीत मात्र एचआरला जरूर विचारा. समूह पॉलिसीची कलमं मालक आणि कंपनी मिळून ठरवतात, त्यात कधीकधी श्रवणयंत्राला ठरावीक रक्कम ठेवलेली असते.

पीटीए_बेरा
ऑडिओलॉजीच्या बाजूनं लिहिते. सगळ्या अर्जांचं मूळ ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) आहे, आणि तोच चुकीचा किंवा अर्धवट असला तर पुढं काहीच सरळ होत नाही.

तपासणी साउंडप्रूफ खोलीत झाली पाहिजे. दुकानाच्या काउंटरवर, रस्त्याचा आवाज येत असताना केलेली 'मोफत तपासणी' दिव्यांग दाखल्याला चालत नाही आणि मशीन लावायलाही ती अपुरी आहे. कागदावर दोन प्रकारच्या रेघा हव्यात: हवेतून ऐकू येण्याची आणि हाडातून ऐकू येण्याची. दोन्हींत अंतर असेल तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असू शकतो. तेव्हा आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, कदाचित ऑपरेशननं काम होईल आणि ते पॉलिसीत बसेल. दोन्ही रेघा एकत्र खाली गेल्या असतील तर दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा, तिथं मशीन. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. मशीनवरची खूणही तशीच असते, लाल उजवं, निळं डावं.

आता टक्केवारी. लोक डेसिबल आणि टक्के एकच समजतात. '५५ डेसिबल' म्हणजे ५५ टक्के अपंगत्व नव्हे. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार ठिकाणची सरासरी काढतात, त्यावरून तक्त्यातून प्रत्येक कानाचे टक्के मिळतात आणि मग दोन्ही कान मिळून हिशेब होतो: चांगल्या कानाचे टक्के गुणिले ५, अधिक वाईट कानाचे टक्के, भागिले ६.

उदाहरण घ्या. चांगला कान ४० टक्के, वाईट ८२ टक्के. २०० अधिक ८२ म्हणजे २८२, भागिले ६ म्हणजे ४७ टक्के. ४० च्या वर, म्हणून दाखला मिळतो.

दुसरं उदाहरण. एक कान पूर्ण चांगला, दुसरा पूर्ण गेलेला. शून्य अधिक १००, भागिले ६, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास. चाळीस टक्क्यांची अट असलेली एकही योजना इथं मिळत नाही. एका कानानं बहिऱ्या माणसाला चार चकरा मारायला लावण्याआधी हे गणित त्याला सांगा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल म्हणजे 'ऐकण्यास कठीण' आणि ७० डेसिबल व त्यापुढं 'बहिरा' अशी व्याख्या आहे. म्हातारपणी ४५-५० डेसिबल झालेल्या माणसाला मशीन नक्की लागतं, पण या व्याख्येत तो येत नाही.

मांजरा_पट्टा
ताई, मग अशा म्हाताऱ्या माणसानं कुठं जायचं? वय ६७, सरासरी ५० डेसिबल, ८ एकर कोरडवाहू.

तेरणेकाठ
वयोश्रीकडं. त्याला दिव्यांग दाखला लागत नाही, वयामुळं आलेली अडचण पुरते. पण वयोश्री दोन आहेत आणि लोक दोन्हींची भेसळ करतात.

राष्ट्रीय वयोश्री केंद्राची, २०१७ ची. वय ६० च्या पुढं, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड किंवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न. यात पैसे नाहीत, वस्तू मिळते. आधी तपासणीचं शिबिर, मग काही महिन्यांनी वाटपाचं शिबिर. साहित्य एलिम्को ही केंद्राची कंपनी देते.

मुख्यमंत्री वयोश्री राज्याची, फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाची. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांपर्यंत. यात वस्तू नाही, आधारला जोडलेल्या बँक खात्यात एकदाच ३,००० रुपये येतात. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात. सोबत आधार, पासबुक, दोन फोटो, उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र. मागच्या तीन वर्षांत तेच साधन सरकारकडून फुकट घेतलेलं नसावं.

लेंडी_नांदेड
पण तीन हजारात मशीन येतंय का हो? गावात तर म्हणायलेत, पैसे आले की खर्चून टाका, कोण विचारतंय.

तेरणेकाठ
असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. रक्कम जमा झाल्यापासून ३० दिवसांत खरेदीचं बिल द्यायचं असतं. बिल नसलं तर रक्कम परत मागता येते. आणि बिलाची तारीख पैसे जमा झाल्यानंतरची ठेवा.

पीटीए_बेरा
३,००० रुपयांत खिशातलं, तारेचं मशीन येतं. कानामागचं साधं डिजिटल मशीन त्याच्या काही पटींनी महाग असतं. उत्पन्न राष्ट्रीय वयोश्रीच्या अटीत बसत असेल तर कानाचं साधन शिबिरातून घ्या आणि राज्याचे पैसे काठी, चष्मा, कमरेचा पट्टा अशा दुसऱ्या साधनासाठी वापरा. एकाच माणसाला गरजा अनेक असतात.

तारेचं मशीन हलकं समजू नका. हात थरथरतात, बारीक सेल दिसत नाही, अशा माणसाला त्याची मोठी बटणं आणि घरोघर मिळणारा पेन्सिल सेल सोयीचा पडतो. फक्त ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं की कापड घासल्याचा खरखर आवाज येतो, म्हणून वरच्या खिशात, माइक बाहेर.

बालाघाट
दाखला ४० टक्के किंवा जास्त असेल तर एडिप. १९८१ पासूनची केंद्राची योजना आहे. महिना उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत अर्ध्या किमतीत. उत्पन्नासाठी सरपंचांचा दाखलाही चालतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि तहसीलच्या दाखल्यासाठी लोक उगाच थांबतात. एकदा साधन घेतलं की पुढचं तीन वर्षांनी, १२ वर्षांखालच्या मुलांना मात्र एका वर्षानी, कारण मुलाचा कान वाढतो आणि मशीनचा कानात बसणारा साचा बदलतो.

युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख, नांदेडचं शंकरराव चव्हाण. कान तपासणीचा वार ठरलेला असतो. आधी फोन करून वार आणि 'बेरा मशीन चालू आहे का' हे दोन्ही विचारा. बेरा म्हणजे आवाजाला नस आणि मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणारी तपासणी. लहान मूल, उत्तर न देऊ शकणारा माणूस किंवा शंका आली असेल अशा वेळी बेरा लागतेच, आणि ती नसली की दुसऱ्या ठिकाणी पाठवतात. एसटीचं भाडं आणि दिवसाचा रोज दोन्ही जातात.

ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी विसरू नका. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करणं ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेला बंधनकारक आहे. ग्रामसेवकाला तोंडी विचारू नका. ग्रामसभेच्या आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत युडीआयडी आणि मशीनचं कोटेशन जोडा. छोट्या ग्रामपंचायतीचं उत्पन्नच थोडं, त्यामुळं पूर्ण मशीन निघेल असं नाही. पण साचा, सेल, दुरुस्ती यासाठी तो पैसा उपयोगाचा.

मुलांसाठी वेगळी वाट आहे. शाळेत जाणारं मूल असेल तर समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांना गाठा, तालुक्याला तपासणी शिबिर असतं. शाळेआधीचं मूल असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तिथून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवतात. जन्मानंतर एका महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत मशीन, हे वेळापत्रक पाळायला हवं. 'मोठं झाल्यावर बोलेल' म्हणून थांबलेलं प्रत्येक वर्ष त्या लेकराच्या बोलण्यातून वजा होतं.

मांजरा_पट्टा
कॉक्लिअर इम्प्लांटचं काय? ते तर ऑपरेशन आहे, भरती आहे. मग पॉलिसीत बसायला पाहिजे.

दावाटेबल
तर्क बरोबर आहे, म्हणूनच सुरुवातीला सांगितलेली ती ओळ वाचायची. 'कॉक्लिअर इम्प्लांटसह' असं अपवादात लिहिलं असेल तर भरती असूनही मिळणार नाही. लिहिलं नसेल तर दावा करा आणि पूर्वमंजुरी मागा. तरी दोन अडथळे राहतात. जन्मजात दोष म्हणून हरकत घेतील, तेव्हा पॉलिसीत 'बाह्य जन्मजात दोष' वगळलाय की 'अंतर्गत'ही, ते बघा. आतल्या कानाचा दोष बाहेरून दिसत नाही, तो अंतर्गत. दुसरं, कानामागं लावायचा प्रोसेसर बाहेरचं उपकरण म्हणून वेगळा काढतील. म्हणून दवाखान्याच्या कोटेशनमध्ये आतला भाग, बाहेरचा प्रोसेसर, ऑपरेशन आणि मॅपिंग (ऑपरेशननंतर प्रोसेसर जुळवून घेणं) या चार रकमा सुट्या लिहून घ्या. एकच आकडा असला तर कंपनी सगळाच अडवते.

बालाघाट
लहान मुलांना एडिपमधून कॉक्लिअर मिळतं. मुंबईची अली यावर जंग ही श्रवणदोषावरची राष्ट्रीय संस्था त्याची मुख्य यंत्रणा आहे. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी वयाची मर्यादा ५ वर्षं, त्यामुळं चौथ्या वर्षी निदान झालं तर हातात फार कमी वेळ उरतो. ऑपरेशनआधी काही महिने मशीन लावून बघितलेलं असावं लागतं, त्याची नोंद ठेवा. ऑपरेशननंतर थेरपीला नियमित जावं लागतं. प्रोसेसरची वॉरंटी संपली की पुढचा खर्च लाखांत जातो, हे आधीच आई-वडिलांना सांगणं आपलं काम आहे.

वाळूज_सी_शिफ्ट
कारखान्यातल्या लोकांसाठी. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय. पगारातून पाऊण टक्का कपात होते, मालक सव्वातीन टक्के भरतो. ईएसआयच्या वैद्यकीय लाभात श्रवणयंत्र आहे. पण ईएसआयच्या डॉक्टरांनी आधी रेफर करून तज्ज्ञांनी शिफारस केलेली पाहिजे. बाहेरून घेतलेलं बिल मागाहून लावायला गेलात तर अडकता.

याहून महत्त्वाची गोष्ट, जी युनियनचे लोकसुद्धा विसरतात. आवाजामुळं आलेलं बहिरेपण ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. अट अशी की त्या कामावर सलग किमान ६ महिने काम केलेलं असावं. सिद्ध झालं तर तो कामावरच्या इजेसारखाच धरतात आणि कायमच्या अपंगत्वाचा लाभ लागू होतो. मशीन वेगळं, हा लाभ वेगळा.

प्रेस शॉप, फोर्जिंग, ग्राइंडिंग इथं हे होतं. कायद्यानं ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे.

पीटीए_बेरा
यात ऑडिओग्रामच साक्षीदार असतो. आवाजानं गेलेल्या कानात ४००० हर्ट्झवर रेघ खड्ड्यासारखी खाली जाते आणि ८००० ला थोडी वर येते, तेही दोन्ही कानांत जवळजवळ सारखं. हा खड्डा दिसला तर कामाचा इतिहास कागदावर लिहून घ्या: कुठलं मशीन, किती वर्षं, किती तास. आणि तपासणी शिफ्ट सुटल्यावर लगेच करू नका. आवाजानं कान काही तास तात्पुरता सुन्न होतो, आकडे जास्त वाईट येतात आणि पुढं फेरतपासणीत फरक निघाला की संशय घेतात. किमान १६ तास आवाजापासून लांब राहून, म्हणजे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करा.

लेंडी_नांदेड
आयुष्मान कार्ड निघालंय, ७० च्या वरचं. त्यात मशीन?

दावाटेबल
नाही. ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून ५ लाखांचं कवच आहे, उत्पन्नाची अट नाही, चांगली गोष्ट आहे. पण ते भरतीच्या उपचारांचं आहे. महात्मा फुले योजनेचंही तसंच. कानाचं ऑपरेशन तिथं विचारा, मशीन नाही. 'कार्ड दाखवा, मशीन फुकट' असं सांगणारी जाहिरात दिसली तर त्या दुकानात आधारचा अंगठा देऊ नका.

पीटीए_बेरा
एक गोष्ट ठळक लिहिते, कारण तिथं विमाही मिळतो आणि कानही वाचतो. अचानक एका कानानं ऐकू येणं बंद झालं, सकाळी उठल्यावर कान भरल्यासारखा वाटतोय, शिट्टी वाजतेय, तर 'मळ असेल' म्हणून तेल घालू नका. ती तातडीची अवस्था असू शकते. स्टिरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त, दोन आठवड्यांनंतर ती खूप कमी होते. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओग्राम. डॉक्टरांनी भरती करून उपचार केला तर तो दावा नेहमीच्या पॉलिसीत बसतो. यात मशीनचा संबंधच नाही, तो आजाराचा उपचार आहे.

दावाटेबल
ताईंच्या या मुद्द्याला जोडून: कार्डवर 'अचानक आलेली श्रवणहानी', सुरू झाल्याची तारीख आणि शिरेतून दिलेलं औषध लिहून घ्या. 'चक्कर, निरीक्षण' एवढंच लिहिलं की पुन्हा ०४.

आणि प्रस्ताव अर्ज भरताना ऐकायला कमी येतं हे लपवू नका. एजंट 'नाही' वर टिक करतो आणि आपण सही करतो. सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुनी माहिती काढून दावा नाकारता येत नाही, पण त्याआधीची पाच वर्षं टांगती तलवार. दिव्यांगांना विमा नाकारू नये म्हणून २०२३ मध्ये आयआरडीएआयनं प्रत्येक सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपनीला त्यांच्यासाठी योजना ठेवायला सांगितलंय. 'मूकबधिर आहे, पॉलिसी देत नाही' असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. 'निरामय' या दिव्यांगांच्या आरोग्य विमा योजनेचं नाव बरेचजण सुचवतात, पण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, निव्वळ श्रवणदोषाला नाही.

मांजरा_पट्टा
बिल कसं घ्यायचं ते सांगा. आमच्या तालुक्याला दुकानदार साध्या पावतीवर 'मशीन २ नग' लिहून देतो.

तेरणेकाठ
त्या पावतीवर काहीही मिळत नाही. बिलावर वापरणाऱ्याचं नाव आधारप्रमाणं हवं, पैसे मुलानं दिले तरी. कंपनी, मॉडेल, आणि डाव्या-उजव्या मशीनचा सिरियल नंबर वेगवेगळा. मशीन, साचा, सेल, तपासणी फी यांच्या ओळी सुट्या. जीएसटीची ओळ नीट बघा: श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. कुणी १८ टक्के लावला असेल तर तो कशावर लावला हे विचारा. सेलसारख्या वस्तूंवर कर असू शकतो, मशीनवर नाही. तपासणाऱ्याचा पुनर्वसन परिषदेचा म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असावा.

वॉरंटी कार्डवर सिरियल नंबर हातानं लिहिलेला असेल तर डबीवरच्या आणि मशीनच्या अंगावरच्या नंबराशी तिथंच ताडून बघा. आकडे फार बारीक असतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठे करून वाचा.

पीटीए_बेरा
मशीन मिळाल्यावर ते कपाटात जाऊ नये म्हणून थोडं. फुकटचं मशीन असो की लाखाचं, साचा नीट नसेल तर शिट्टी वाजते आणि म्हातारी माणसं काढून ठेवतात. साचा कानाचं माप घेऊनच करा. तयार रबरी टोपी तात्पुरती. साच्याची नळी काही महिन्यांत पिवळी, कडक होते, ती बदलायला खर्च थोडाच येतो.

सेलच्या रंगीत पट्टीवरून आकार ओळखा: १० पिवळी, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळी. हा सेल हवेवर चालतो. पट्टी काढली की मिनिटभर उघडा ठेवून मग बसवा. पट्टी परत चिकटवून वाचत नाही, एकदा हवा लागली की तो उतरायला लागतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो, घामानं सेलचा कप्पा गंजतो. रात्री कप्प्याचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की डबी बदला. पत्र्याच्या खोलीत, खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

दावाटेबल
महाग मशीन असेल तर हरवण्या-फुटण्याचा विमा आरोग्य पॉलिसीतून नाही, सर्वसाधारण विम्यातल्या 'ऑल रिस्क' प्रकारातून विचारा. घराच्या पॉलिसीला तो भाग जोडता येतो. सिरियल नंबर आणि बिल तिथंही लागतं.

लेंडी_नांदेड
आणि कंपनीनं चुकीचं नाकारलं तर कोर्टात जायचं का?

दावाटेबल
आधी नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार. उत्तर पटलं नाही किंवा महिनाभर आलंच नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांसाठी लोकपाल पुण्याचे. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जा. फी नाही, वकील चालत नाही, स्वतः किंवा घरच्यानं मांडायचं. भरपाईची कमाल मर्यादा ५० लाख. ऐकायला कमी येणाऱ्या माणसाची सुनावणी असेल तर अर्जातच तसं लिहा, घरचं माणूस सोबत बोलेल असं कळवा.

पण एक लक्षात ठेवा. पॉलिसीत 'श्रवणयंत्र वगळले' असं स्पष्ट छापलेलं असेल तर लोकपालांकडं जाऊन उपयोग नाही. ऑपरेशन नाकारलं, प्रतीक्षा काळ चुकीचा मोजला, कॉक्लिअर वगळलेलं नसताना वगळलं, अशा गोष्टींसाठी जा.

मांजरा_पट्टा
झेरॉक्स चालते ना सगळीकडं? ऑडिओग्राम मूळ द्यायचा का?

पीटीए_बेरा
मूळ कधीच देऊ नका, दाखवायला न्या. झेरॉक्स काढताना लाल-निळ्या रेघा दोन्ही काळ्या होतात, म्हणून गोल आणि फुली स्पष्ट उमटल्यात का ते बघा. काही ठिकाणी नुसत्या रंगीत रेघा ओढून देतात, त्याच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीवरून डावा-उजवा कळत नाही. असा कागद हातात आला तर तिथंच सांगून खुणा घालून घ्या, आणि खाली दोन्ही कानांची सरासरी आकड्यात लिहायला लावा.